चार वर्षांची आखणी : अमेरिकेतील कॅथलिक हायस्कूल

शालेय शिक्षण पूर्ण झाले असे केव्हा म्हणावे, या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली आहेत. आपल्याकडे हे उत्तर परीक्षा मंडळ देते. विद्यार्थी कोणत्याही शाळेत शिकलेला असो, तो मंडळाची परीक्षा उत्तीर्ण झाला की त्याचे शालेय शिक्षण पुरे झाले असे मानले जाते. वर्षभर त्याने वर्गात काय केले याची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असे एकच मंडळ नाही. तेथे नववी ते बारावी ही चार वर्षे ‘हायस्कूल’ची समजली जातात आणि ती पूर्ण केल्याचा डिप्लोमा विद्यार्थ्याला त्याची शाळा देते. कोणते विषय किती वर्षे शिकले म्हणजे हा डिप्लोमा मिळेल याची यादी आधीच जाहीर केलेली असते. या यादीतील अटी पुऱ्या होतील अशा बेताने विद्यार्थ्याने आपली चार वर्षे आखावयाची असतात.

वरवर पाहता ही केवळ वेळापत्रकाची बाब वाटते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने छापील कागदावर सहा-सात विषयांपुढे खुणा करावयाच्या, पालकांनी खाली सही करावयाची आणि तो कागद शाळेला परत द्यावयाचा, एवढेच तिचे दृश्य रूप. परंतु त्या खुणांमुळे पुढचे कोणते मार्ग खुले राहतात आणि कोणते बंद होतात, हे मुलाला त्या वेळी ठाऊक नसते. पुष्कळदा ते पालकांनाही ठाऊक नसते. म्हणूनच निवड कोणी करावयाची आणि किती, हा प्रश्न तेथील शिक्षणविचारात शंभराहून अधिक वर्षे वादाचा राहिला आहे. कॅथलिक शाळांनी त्याला दिलेले उत्तर काहीसे जुन्या वळणाचे आहे. बहुतेक विषय त्यांनी सर्वांना सारखे ठेवले आणि निवडीला थोडीच जागा दिली. या उत्तराचा उगम, त्याचे गणित आणि त्याचे परिणाम आपण येथे पाहू.

मोजण्याचे माप

या आखणीचा हिशेब ज्या मापाने होतो त्याला तेथे ‘क्रेडिट’ म्हणतात. आपण त्यासाठी ‘श्रेयांक’ हा शब्द वापरू. या मापाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १९०५ साली उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी महाविद्यालयीन अध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलरची देणगी दिली. तिचा लाभ कोणत्या महाविद्यालयांना द्यावा हे ठरविताना ‘महाविद्यालय’ म्हणजे काय, याचीच प्रथम व्याख्या करणे भाग पडले. कारण त्या काळी नावाने महाविद्यालय असलेल्या कित्येक संस्थांची प्रत्यक्ष पातळी शाळेचीच होती. तेव्हा कार्नेगी प्रतिष्ठानने अशी अट घातली की, महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्याने हायस्कूलमध्ये किमान चौदा ‘एकके’ पूर्ण केलेली असावीत. एखादा विषय वर्षभर, आठवड्यातून चार-पाच वेळा, एकूण सुमारे १२० तास शिकला म्हणजे एक एकक झाले.

निवृत्तिवेतनाच्या सोयीसाठी काढलेले हे माप शाळांना कायमचे चिकटले. आजही वर्षभराच्या एका विषयाला एक श्रेयांक आणि एका सत्राच्या विषयाला अर्धा, असा हिशेब पुष्कळ शाळांत असतो. काही शाळा, विशेषतः कॅलिफोर्नियात, वर्षाच्या विषयाला दहा श्रेयांक धरतात. तेव्हा एका शाळेची २२ श्रेयांकांची अट आणि दुसरीची २२० श्रेयांकांची अट या वस्तुतः एकच असू शकतात. येथे आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. धर्मसंस्थांच्या नियंत्रणाखालील महाविद्यालये कार्नेगींच्या निवृत्तिवेतन योजनेतून वगळलेली होती. म्हणजे कॅथलिक महाविद्यालयांच्या वाट्याला पैसे आले नाहीत, माप मात्र आले.

निवडीचा वाद

तथापि मापापेक्षाही जुना वाद निवडीचा होता. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे ऐच्छिक विषयांच्या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते होते. प्रत्येक विद्यार्थ्याचा कल वेगळा असतो. म्हणून त्याने आपले विषय आपणच निवडावेत, असे त्यांचे मत होते. १८९९ साली लिहिलेल्या एका लेखात त्यांनी जेझुइट शाळांच्या एकसाची अभ्यासक्रमावर टीका केली. या शाळांचा पाया १५९९ साली निश्चित झालेल्या ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या शिक्षणयोजनेत होता. टिमथी ब्रॉस्नहॅन या जेझुइट धर्मगुरूंनी १९०० साली एलियट यांना सविस्तर उत्तर दिले. जो विषय अद्याप शिकलेला नाही त्याची योग्यता शिकण्यापूर्वीच विद्यार्थ्याने कशी ठरवावी, हा जेझुइटांच्या बाजूचा मूळ आक्षेप होता.

वादाचा निकाल व्यवहाराने लावला, आणि तो दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मिळाला. लॅटिन व ग्रीकची एकछत्री सत्ता संपली आणि कॅथलिक शाळांनीही पुढील काही दशकांत श्रेयांकांची पद्धत स्वीकारली. परंतु ऐच्छिक विषयांची रेलचेल त्यांनी केली नाही. याला तत्त्वाइतकीच परिस्थितीही कारण होती. १८८४ साली बाल्टिमोर येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक धर्मग्रामात शाळा काढावी असा आदेश दिला होता. आयरिश, जर्मन, पोलिश, इटालियन अशा नवागत आणि बहुधा निर्धन कुटुंबांची मुले या शाळांत येत. त्यांच्या पुढील शिक्षणासाठी १८९० साली फिलाडेल्फिया येथे धर्मप्रांताचे पहिले निःशुल्क हायस्कूल सुरू झाले. पुढे ओरेगन राज्याने सर्व मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा केला. परंतु तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२५ साली तो रद्द ठरविला आणि अशा शाळांचा अस्तित्वाचा हक्क निश्चित झाला. मात्र शाळांवर वाजवी नियंत्रण ठेवण्याचा राज्याचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला. या शाळा मुख्यतः धर्मभगिनी, धर्मबंधू आणि धर्मगुरू यांच्या अल्प वेतनावरील श्रमांवर चालत. मोठ्या वर्गाला पुरतील एवढेच शिक्षक हाताशी असत. मग दहा प्रकारचे ऐच्छिक विषय शिकविणार कोण? जे शिकवावयाचे ते सर्वांना सारखेच, हा मार्ग त्यांना तत्त्वाने पसंत होता आणि गरिबीने तोच शक्य होता.

अठ्ठावीस घरांचा कोठा

या इतिहासाचा परिणाम आजच्या विद्यार्थ्याच्या कागदावर कसा दिसतो हे समजण्यासाठी थोडा हिशेब करू. शाळेत रोज सात तासिका आहेत असे समजा. चार वर्षांत सात-सात मिळून अठ्ठावीस घरे होतात. प्रत्येक घरात वर्षाचा एक विषय बसतो. अटी शाळागणिक थोड्याफार बदलतात. परंतु एका नमुन्याच्या कॅथलिक शाळेत त्या अशा असतील : धर्मशिक्षण चार वर्षे, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान तीन, इतिहास व समाजशास्त्रे तीन, एकच परभाषा सलग दोन, कला एक, शारीरिक शिक्षण व आरोग्य मिळून एक. ही बेरीज एकवीस होते. म्हणजे सात घरे मोकळी उरतात. याच अटींच्या सरकारी शाळेत धर्मशिक्षण नसल्यामुळे मोकळी घरे अकरा असतील.

आता अशी एक विद्यार्थिनी डोळ्यांपुढे आणू, जिला पुढे अभियांत्रिकीकडे जावयाचे आहे आणि जिला व्हायोलिनचीही आवड आहे. शाळेच्या वाद्यवृंदात तिला चारही वर्षे राहावयाचे आहे. त्यांतील एक वर्ष कलेच्या अटीत जमा होते. उरलेली तीन वर्षे मोकळ्या घरांत बसवावी लागतात. गणित व विज्ञान यांचे चौथे वर्ष ही आणखी दोन घरे. स्पॅनिश भाषा दोन वर्षांत जेमतेम तोंडओळखीपर्यंत येते, म्हणून ती चार वर्षे शिकावयाची ठरविली तर आणखी दोन. सातही घरे भरली. संगणकाला जागा उरली नाही.

अडचण येथेच संपत नाही. तेथे गणित सर्व शाखांचे मिळून एकदम शिकविण्याऐवजी बहुतेक शाळांत पायऱ्यापायऱ्यांनी शिकविले जाते : पहिले बीजगणित, भूमिती, दुसरे बीजगणित, कलनपूर्व गणित आणि शेवटी कलनशास्त्र, म्हणजेच कॅल्क्युलस. पायऱ्या पाच आणि वर्षे चार. जो विद्यार्थी नववीत पहिल्या बीजगणितापासून सुरुवात करतो तो नेहमीच्या चालीने बारावीत चौथ्या पायरीवर पोहोचतो. कलनशास्त्रापर्यंत जावयाचे तर आठवीतच बीजगणित झालेले असले पाहिजे, किंवा दहावीत भूमिती आणि दुसरे बीजगणित एकाच वर्षी घेतले पाहिजे, किंवा एका उन्हाळ्याच्या सुट्टीवर पाणी सोडले पाहिजे. आपल्या विद्यार्थिनीचा कोठा तर भरलेला आहे. वाद्यवृंदाचे एक वर्ष, स्पॅनिशचे एक वर्ष किंवा सुट्टी, यांतील काय द्यावयाचे हे तिने दहावीपूर्वी ठरविले तर ते तिच्या हाती राहते. बारावीत हा प्रश्न तिच्या ध्यानात आला तर त्याचे उत्तर आधीच लागून गेलेले असते.

डिप्लोमाची अट आणि महाविद्यालयाची अट

या आखणीत पालकांची सर्वाधिक फसगत होते ती एका गैरसमजामुळे. शाळेच्या डिप्लोमाच्या अटी पुऱ्या झाल्या म्हणजे महाविद्यालयाचे दार उघडले, असे त्यांना वाटते. वस्तुतः या दोन अटी वेगळ्या आहेत. याचे स्पष्ट उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे आहे. त्या राज्यातील विद्यार्थ्याने ठरावीक सात गटांतील वर्षभराचे पंधरा विषय पूर्ण करावेत अशी त्या विद्यापीठाची अपेक्षा असते : इतिहास दोन, इंग्रजी चार, गणित तीन, विज्ञान दोन, परभाषा दोन, कला एक आणि या गटांच्या पलीकडचा एक ऐच्छिक विषय. यांपैकी अकरा विषय बारावीपूर्वीच व्हावे लागतात. शिवाय प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी हवी. आता पुष्कळ शाळांत ‘डी’ श्रेणी मिळाली तरी श्रेयांक मिळतो. म्हणजे भूमितीत ‘डी’ मिळालेला विद्यार्थी शाळेच्या दृष्टीने उत्तीर्ण असतो, डिप्लोमाला पात्र असतो. परंतु त्याच श्रेणीच्या आधारे विद्यापीठाची अट पुरी होत नाही. डिप्लोमाची यादी हा घराचा पाया आहे. त्याला कोणी छप्पर समजू नये.

शाळेने शिकविलेला विषय विद्यापीठाच्या मान्य यादीत असणेही आवश्यक असते आणि ही मान्यता शाळेला विषयवार मिळवावी लागते. खाजगी शाळांनाही यातून सूट नाही. म्हणून विषयाचे केवळ नाव पाहून भागत नाही. ‘उपयोजित गणित’ असे भारदस्त नाव असलेला विषय त्या यादीत नसेल, तर प्रवेशाच्या वेळी त्याचा उपयोग होणार नाही.

धर्मशिक्षण आणि सेवा

चार वर्षे अनिवार्य असलेले धर्मशिक्षण हे कॅथलिक शाळेचे वेगळेपण. या शाळांतील सुमारे पाचांपैकी एक विद्यार्थी कॅथलिक नसतो. तरीही या विषयातून सर्वसाधारणपणे कोणाला सूट मिळत नाही. अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने २००७ साली या विषयाचा एक आराखडा संमत केला. त्यात एकेका सत्राचे सहा अनिवार्य भाग आहेत. ते बायबलमधील प्रकटीकरणापासून सुरू होतात आणि ख्रिस्ताचे व्यक्तित्व, त्याचे कार्य, चर्च, साक्रामेंते या क्रमाने नैतिक जीवनापर्यंत येतात. त्यांखेरीज पाच ऐच्छिक भागांपैकी दोन निवडावयाचे असतात. धर्मसभेचा इतिहास, समाजविषयक शिकवण आणि इतर धर्मांशी संवाद हे त्या पाचांपैकी तीन होत. सहा आणि दोन मिळून आठ सत्रे, म्हणजे नेमकी चार वर्षे होतात. या विषयात नापास झालेल्या विद्यार्थ्याला गणितात नापास झालेल्याप्रमाणेच तो पुन्हा पुरा करावा लागतो.

दुसरी अट सेवेची. जेझुइट संघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो आरुपे यांनी १९७३ साली स्पेनमधील वालेन्सिया येथे आपल्या शाळांच्या माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. इतरांसाठी जगणारी माणसे घडविणे हा शिक्षणाचा हेतू असला पाहिजे, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. त्यांची ही भूमिका अमेरिकेतील जेझुइट शाळांनी आपल्या ध्येयधोरणात सामावून घेतली. आज अनेक कॅथलिक शाळांत रुग्णालय, वृद्धाश्रम, अन्नछत्र अशा ठिकाणी ठरावीक तास काम केल्याखेरीज डिप्लोमा मिळत नाही. सक्तीने केलेल्या सेवेला सेवा म्हणावे काय, ही शंका तेथील शिक्षकही घेतात. म्हणून काही शाळा केवळ तासांची नोंद पुरेशी मानीत नाहीत. विद्यार्थ्याने आपल्या अनुभवावर विचार करून लिहावे असा त्यांचा आग्रह असतो.

समान अभ्यासक्रमाचे फळ

निवडीला थोडी जागा ठेवल्याने मुलांचे हित झाले की अहित? १९८० नंतरच्या काळात या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला. समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली असा निष्कर्ष मांडला की, कॅथलिक शाळांतील विद्यार्थी, त्यांतही वंचित गटांतील, सरकारी शाळांतील तशाच विद्यार्थ्यांपेक्षा अधिक प्रगती करतात. १९८३ साली राष्ट्रीय आयोगाच्या एका गाजलेल्या अहवालाने हायस्कूलच्या अभ्यासक्रमातील विस्कळीतपणावर टीका केली. इंग्रजी चार वर्षे, गणित, विज्ञान व समाजशास्त्रे प्रत्येकी तीन वर्षे आणि संगणक अर्धे वर्ष इतके तरी सर्वांनी शिकावे, अशी त्या आयोगाची शिफारस होती. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने तर मोठ्या सरकारी हायस्कूलला बाजारसंकुलाचीच उपमा दिली. तेथे सर्व काही मिळते, परंतु काय घ्यावे हे कोणी सांगत नाही. जाणकार गिऱ्हाईक भरलेली पिशवी घेऊन जाते आणि अजाण मूल रिकाम्या हाताने बाहेर पडते.

अँथनी ब्राइक, व्हॅलरी ली आणि पीटर हॉलंड यांनी १९९३ साली कॅथलिक हायस्कूलांविषयीचा आपला दीर्घ अभ्यास प्रसिद्ध केला. या शाळांत श्रीमंत आणि गरीब मुलांच्या प्रगतीतील अंतर तुलनेने कमी आढळते आणि त्याचे एक महत्त्वाचे कारण म्हणजे सर्वांना दिलेला जवळजवळ समान अभ्यासक्रम, असे त्यांना दिसून आले. याचा अर्थ लावणे कठीण नाही. ज्या घरात आईवडील महाविद्यालयात गेलेले असतात तेथे कोणता विषय सोडू नये हे मुलाला जेवतानाच्या गप्पांतून कळते. ज्या घरात ते गेलेले नसतात तेथे ही माहिती येण्याचा मार्ग शाळा हाच असतो. शाळेने सर्व काही मुलावर सोपविले, तर ती निवड वस्तुतः मुलाची राहत नाही. त्याच्या घरची परिस्थितीच त्याच्या वतीने निवड करते.

या निष्कर्षांना मर्यादाही आहेत. जे पालक शुल्क भरून मूल अशा शाळेत घालतात त्यांची शिक्षणाविषयीची आस्था आधीच अधिक असते, हा टीकाकारांचा आक्षेप पूर्णपणे दूर झालेला नाही. शिवाय परिस्थितीही पालटली आहे. १९६५ च्या सुमारास ५० लाखांहून अधिक मुले कॅथलिक शाळांत शिकत होती. २०२३ मध्ये ती सुमारे १७ लाख होती. धर्मभगिनींची जागा पूर्ण वेतनाच्या संसारी शिक्षकांनी घेतली आणि शुल्क वाढले. ज्या निर्धन मुलांना समान अभ्यासक्रमाचा सर्वाधिक लाभ होई, त्यांनाच आता ही शाळा परवडणे कठीण झाले आहे. लहान शाळेत विशेष गरजा असलेल्या मुलांची सोयही अनेकदा अपुरी पडते.

आखणीचा क्रम

या साऱ्या विवेचनातून आखणीचे काही साधे नियम हाती येतात. पहिली पायरी आठवीच्या अखेरीस, प्रवेशापूर्वीच्या चाचणीच्या वेळी येते. गणित आणि परभाषा कोठून सुरू करावयाची हे तेथे ठरते. त्याच वेळी चारही वर्षांचा कच्चा आराखडा लिहून काढावा आणि तो शेवटाकडून आरंभाकडे वाचावा : बारावीत काय हवे, त्यासाठी अकरावीत काय झालेले असावे, याप्रमाणे. नववी व दहावीत बहुतेक विषय नेमलेलेच असतात. तेथे श्रेणींकडे लक्ष द्यावे, कारण वरच्या वर्गातील प्रगत विषयांना प्रवेश या श्रेणींवर मिळतो. अकरावीत महाविद्यालयाच्या पातळीचे ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ विषय घेता येतात. १९५० नंतरच्या दशकात सुरू झालेल्या या योजनेत पाचपैकी तीन वा अधिक गुणांक मिळाले, तर काही महाविद्यालये त्याबद्दल श्रेयांक देतात. मात्र असे विषय हौसेने चार-पाच घेऊन सर्वांत खालची श्रेणी मिळविण्यापेक्षा दोन घेऊन ते नीट शिकावेत. अकरावी संपताना समुपदेशकासमवेत दोन्ही याद्या, शाळेची आणि महाविद्यालयाची, एकेक ओळ ताडून पाहाव्यात. चूक दुरुस्त करण्यास तेव्हाही एक वर्ष शिल्लक असते. बारावीत सैल पडू नये, कारण महाविद्यालयाने दिलेला प्रवेश अंतिम श्रेणी पाहूनच पक्का होतो.

भारतीय वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर विषयनिवडीचे स्वातंत्र्य वाढवावे आणि कला व विज्ञान यांमधील कडक भिंती काढाव्यात असे सुचविले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने श्रेयांकांची कल्पना शालेय वर्गांपर्यंत आणली. दहावीनंतर कला, वाणिज्य की विज्ञान या एकाच निर्णयाची सवय असलेल्या आपल्या घरांपुढे त्यामुळे अनेक लहान लहान निर्णय येतील. ते स्वागतार्हच आहेत. परंतु अमेरिकेचा अनुभव असे सांगतो की, निवडीची यादी जितकी लांब तितकी ती समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज मोठी. ज्या शाळेजवळ असा माणूस नाही, तिने मुलांच्या हाती लांब यादी देण्यापूर्वी निदान काही विषय तरी सर्वांसाठी पक्के करावेत. चौदाव्या वर्षी अजाणता बंद झालेले दार अठराव्या वर्षी उघडणे फार थोड्यांना साधते.